उजेड कुणाच्या मापाचा?

फोटोग्राफीच्या क्लासात जे शिकवतात त्याला 'करेक्ट लायटिंग' म्हणतात. करेक्ट म्हणजे काय, तर मुख्य दिवा चेहऱ्याच्या पंचेचाळीस अंशात, जरा वरून. दुसरा दिवा समोरून, पहिल्याच्या निम्म्या जोराचा, सावली भरून काढायला. तिसरा मागून, केसांना कड यावी म्हणून. ही तीन दिव्यांची त्रिमूर्ती. हिला नमस्कार करायचा आणि धंद्याला लागायचं. हा करेक्टपणा ठरवला कुणी, कुणाला समोरच्या स्टुलावर बसवून ठरवला, हे कुणी विचारत नाही.

मी विचारतोय. गेली काही वर्षं मी दहा बाय बाराच्या खोलीत दिवे इकडचे तिकडे सरकवतोय आणि माझ्यासमोर स्टुलावर बसणारी माणसं आपली आहेत. उन्हानं रापलेली, सावळी, काळी, कामावरून थेट आलेली. त्यांच्यावर ही त्रिमूर्ती सोडली की चेहऱ्याचं मातेरं होतं. कपाळावर पांढरा डाग, गालावर पांढरा डाग, नाकाच्या शेंड्यावर पांढरा डाग. आणि मधला सगळा चेहरा सपाट, चिखलाचा गोळा. मग क्लासातले सर मान हलवून सांगतात, काळ्या कातडीचा फोटो काढणं अवघडच असतं बाबा. अवघड? शेकडो वर्षं ह्या देशातली बहुसंख्य माणसं ह्याच कातडीत जगतायत आणि अवघड म्हणे कातडी!

आधी मापाचं बोलू. कॅमेऱ्यातला मीटर ठार आंधळा असतो. समोर माणूस आहे की म्हैस, त्याला कळत नाही. समोरून परत येणारा उजेड तो मोजतो आणि समोरचं सगळं जग सरासरी राखाडी आहे असं धरून चालतो. अठरा टक्के उजेड परत टाकणारी राखाडी. काळा चेहरा चौकटभर घेतला की मीटरला वाटतं अंधार पडला. तो उजेड वाढवतो आणि चेहरा राख फासल्यासारखा होतो. तोच चेहरा पांढऱ्या भिंतीपुढं बसवला की मीटरला वाटतं उजेड फार झाला. तो दाबतो आणि चेहऱ्याचा कोळसा होतो. माणूस एकच, कातडी एकच, दिवा एकच. एकदा राख, एकदा कोळसा. आणि पासपोर्टच्या फोटोपासून कॉलेजच्या आयकार्डापर्यंत सगळीकडे मागं काय पाहिजे? पांढरं!

अमेरिकेत १९४०च्या सुमाराला ॲन्सेल ॲडम्स आणि फ्रेड आर्चर ह्या दोघांनी झोन सिस्टिम नावाची पद्धत बसवली. ठार काळ्यापासून ठार पांढऱ्यापर्यंत, शून्य ते दहा, अशा अकरा पायऱ्या. कुठली वस्तू कुठल्या पायरीवर ठेवायची ते आधी ठरवायचं, मग बटण दाबायचं. पद्धत झकास आहे, मी स्वतः वापरतो. तिच्यात गोऱ्या माणसाची कातडी सहाव्या पायरीवर सांगितलीय, आणि 'गोऱ्या माणसाची' हे तिथं स्वच्छ लिहिलेलं असतं. मी ज्या क्लासात शिकलो तिथं ते दोन शब्द गळून पडले होते. वहीत उतरवून घ्यायला मिळालं ते एवढंच : चेहरा सहाव्यावर ठेवा. झालं! आता आत्याचा चेहरा सहाव्यावर ठेवायचा म्हणजे तिला एक-दोन पायऱ्या उजळ करायचं. आपल्याकडं सवर्णपण असंच येतं, नियमाचा झगा घालून.

आणि हे नुसतं पुस्तकात नव्हतं, फिल्ममध्येच भरलेलं होतं. कोडॅक कंपनी रंगीत प्रिंट काढणाऱ्या लॅबना नमुन्यादाखल एक कार्ड पाठवायची. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिची कातडी बरोबर आली की मशीन बरोबर. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्या कार्डालाच 'शर्ली' म्हणायला लागले. पुढं बाया बदलत गेल्या, रंग तोच. लोर्ना रॉथ ह्या कॅनडातल्या अभ्यासक बाईंनी कोडॅकच्या जुन्या माणसांशी बोलून हा सगळा इतिहास २००९ साली लिहून काढला. त्यात एक गोष्ट आहे, ती वाचून मी पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. काळ्या मुलांचे शाळेतले फोटो नीट येत नाहीत, ही तक्रार आईबाप करत होते. कंपनी हलली ती मात्र चॉकलेटवाले आणि लाकडी फर्निचरवाले बोंबलायला लागले तेव्हा. आमच्या चॉकलेटातला गडद-फिकट फरक तुमच्या फिल्मवर दिसत नाही, आमच्या लाकडाची नक्षी दिसत नाही! मग फिल्ममध्ये तपकिरी रंगाच्या छटा वाढल्या. म्हणजे साला काळ्या पोराचा चेहरा दिसायला लागला तो कपाटाच्या मेहरबानीवर.

उजेड जास्त टाकला की न्याय होतो असंही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राज्यात काळ्या माणसाला पासबुक बाळगावं लागायचं, आणि त्यातल्या फोटोंसाठी पोलरॉइड कंपनीचं सामान वापरलं जायचं. कंपनीच्या आयडी-२ नावाच्या कॅमेऱ्याला मागं एक बटण होतं, दाबलं की फ्लॅश जास्त जोरानं पडायचा. ब्रूमबर्ग आणि शॅनरिन ह्या छायाचित्रकारांनी काही वर्षांपूर्वी नेमका तो कॅमेरा घेऊन दक्षिण आफ्रिकेत काम केलं आणि ते बटण काळ्या चेहऱ्यासाठीच होतं अशी मांडणी केली. बघा कसं आहे. पोलिसाला ओळखू यावा एवढा उजेड काळ्याला मिळतो! पोलरॉइडमध्येच काम करणारे कॅरोलिन हंटर आणि केन विल्यम्स हे दोघे काळे कामगार १९७० साली ह्याविरुद्ध उभे राहिले. नोकऱ्या गेल्या त्यांच्या. पण १९७७ साली कंपनीला दक्षिण आफ्रिकेतून गाशा गुंडाळावा लागला. दिवा आणि कॅमेरा ह्या विषयावरचं हे आंदोलन आपल्या पोरांना तोंडपाठ पाहिजे.

आता आपल्याकडं येऊ. इंग्रजांनी १८६८ ते १८७५ ह्या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड छापले. वॉटसन आणि के हे संपादक. साडेचारशेच्या वर फोटो. खाली जात, जमात, आणि ती स्वभावानं कशी असते ह्याचा शेरा. फुलपाखरं टाचणीला लावावीत तशी माणसं. पुढं रिस्ले आला तो नाकं मोजत आला. नाकाच्या रुंदीवरून जातीची उंची ठरवणारं शास्त्र! बाबासाहेबांनी १९४८च्या 'द अनटचेबल्स'मध्ये ह्याच नाकांच्या मोजमापांचे आकडे घेऊन दाखवून दिलं की अस्पृश्य आणि ब्राह्मण हे वेगळे वंश असल्याचं त्यातून सिद्ध होत नाही. हे इथं मुद्दाम सांगतोय. कारण मी कातडीचं बोलायला लागलो की कुणीतरी हुशार उठून म्हणणार, म्हणजे तुम्ही जात रंगावर नेताय. अजिबात नाही. आपल्यात लख्ख गोरे आहेत, त्यांच्यात कोळसे आहेत. जात कातडीत नाही. पण काळं म्हणजे हलकं, गोरं म्हणजे वरचं, हे डोक्यात आहे, आणि आपल्याही डोक्यात आहे. लग्नाच्या जाहिरातीत निमगोरी, गव्हाळ, उजळ असे शब्द कोण छापतं? आपणही छापतो.

म्हणून गल्लीतल्या फोटो स्टुडिओवर नुसतं चिडून चालत नाही. तो बिचारा गिऱ्हाइकाला हवं ते द्यायचा. स्थळाला पाठवायचा फोटो असला की मुलीच्या तोंडाला पावडरीचा थर, समोरून दोन फ्लडलाइट, सावली नावाला नाही. मग निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं टचिंग. निगेटिव्हवर जिथं पेन्सिल फिरते तिथून कागदावर कमी उजेड जातो आणि प्रिंटमध्ये ती जागा पांढरी होते. पेन्सिलीच्या टोकानं पोरीचं रूप खोडायची कला होती ती. आणि कसबी माणसं होती, तासन्‌तास वाकून करायची. आता ते काम फोन स्वतःहून करतो, न विचारता. ब्यूटीच्या नावाखाली गाल घासून पुसून पांढरे. आपल्या घराघरातल्या बाबासाहेबांच्या रंगीत तसबिरी बघा. किती तसबिरींत गाल गुलाबी आहेत? रंगवणाऱ्यानं भक्तिभावानंच रंगवलेत. ज्याला मोठा मानायचं त्याला गोरा करायचा, एवढंच त्याला माहीत!

ही एक बाजू झाली. दुसरी बाजू मला जास्त चीड आणते, कारण ती आपली मित्र म्हणून येते. आर्ट गॅलरीतला आपला चेहरा. एका बाजूनं कडक, उघडा दिवा किंवा दुपारचं ऊन. ब्लॅक अँड व्हाइट. कॉन्ट्रास्ट ताणून ताणून वाढवलेला. सुरकुती न् सुरकुती कोरलेली, घामाचा थेंब न् थेंब मोजून घ्यावा असा. डोळे खोल काळ्या खड्ड्यात. खाली नाव नाही. 'कामगार स्त्री' किंवा 'वेदना'. कडक उजेड तिरका टाकला की खरबरीतपणा वाढतो, हे विटेच्या भिंतीचा फोटो काढणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणजे हे दुःख त्या बाईच्या चेहऱ्यावर जेवढं आहे त्याहून जास्त दिव्याच्या जागेत आहे. त्याच बाईला पाच मिनिटं खिडकीशी बसवली असती तर ती वेगळी दिसली असती. पण मग वेदना विकता आली नसती ना! एक जण आम्हाला पांढरं करून विकतो, दुसरा काळंठिक्कर करून. आम्ही कसं दिसायचं हे आम्हाला विचारत नाही कुणीच.

आमच्या मुंबईतल्या सफाई कामगारांचे फोटो सुधारक ओलवे यांनी वर्षानुवर्षं त्यांच्यात राहून काढले, ते काम मोठं आहे आणि त्याची गरज होती. गटारात उतरलेला माणूस शहराला दाखवायलाच हवा होता. पण त्या माणसाची आंघोळ झाल्यावर, इस्त्रीचा शर्ट घातल्यावर, स्टुलावर ताठ बसवून काढलेला फोटो कुठंय? तो आपण काढायचा. त्यासाठी दिवे सरकवायला शिकायचं.

माझी आत्या पालिकेच्या झाडू खात्यातून रिटायर झालीय. तिला बसवली. म्हणाली, "आरं हात नको काढूस माझं. समदे येऊन हातच काढत्यात." मग म्हणाली, "काळी हाय ती काळीच काढ. पर डोळं दिसू देत." ह्यापेक्षा चांगली असाइनमेंट मला कुणी दिलेली नाही.

पहिल्यांदा त्रिमूर्ती मोडली. समोरचा दिवा बंद. एकच दिवा ठेवला, पण त्याच्यापुढं पांढरी चादर ताणली, दांडीला अडकवून, चार बाय सहा फुटांची. म्हणजे आता उजेड बल्बमधून येत नाही, अख्ख्या चादरीतून येतो. हे का, ते समजून घ्या. कातडीवरून उजेड दोन प्रकारे परत येतो. एक, कातडीत शिरून, तिचा रंग घेऊन, चहूकडं पसरत. दोन, वरच्यावर, आरशासारखा, रंग न घेता. गोऱ्या कातडीत पहिला प्रकार भरपूर असतो, त्यामुळं दुसरा त्यात झाकून जातो. काळ्या कातडीत पहिला कमी, म्हणून दुसरा उठून दिसतो. तुम्ही उघडा बल्ब लावला तर गालावर बल्बचंच प्रतिबिंब, तोच पांढरा डाग. चादर लावली तर गालावर चादरीचं प्रतिबिंब, मोठं, मऊ, गालाच्या हाडावरून हनुवटीपर्यंत उतरत गेलेलं. जो 'दोष' म्हणून पावडरीखाली दाबत होते, त्यातूनच चेहऱ्याला घडण येते. सागवानी पॉलिशचं कपाट किंवा काळी गाडी फोटोत घेणारे लोक अशीच मोठी पांढरी पाटी वापरतात. कपाटासाठी ठाऊक होतं, माणसासाठी नव्हतं!

पावडर बंद केली. उलट खोबरेलाचं एक बोट आत्याच्या कपाळावर आणि गालांवर फिरवलं. ती हसली, म्हणाली तेल लावून फोटो काढणारा तू पयलाच.

दिवा कुठं? पंचेचाळीस अंशात ठेवला तर ठीक आला, पण बोलेना. सरकवत सरकवत जवळजवळ काटकोनात नेला, चेहऱ्यापासून अडीच फुटांवर. अंतराला फार महत्त्व आहे. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो, हा नियम आहे. दिवा जवळ असला की नाकाच्या ह्या बाजूपासून त्या बाजूपर्यंतच उजेड भराभर उतरतो, चेहरा गोल होतो. दुसऱ्या बाजूला आधी थर्माकोल लावला, सावली उजळायला. चेहरा पुन्हा सपाट. थर्माकोल काढून तिथं काळी घोंगडी टांगली. आणि च्यायला, काय झालं सांगू! खोलीच्या भिंतींवरून उडणारा फालतू उजेड घोंगडीनं खाऊन टाकला आणि आत्याचा जबडा, गळ्याची शीर, कानातली कुडी, सगळं जागच्या जागी आलं. सावली वाढवल्यावर चेहरा जास्त दिसला.

मागं काय ठेवायचं हाही घोळ. काळा पडदा लावला तर केस त्यात बुडतात, पांढरा लावला तर पुन्हा मीटरची रड. आमच्या खोलीच्या भिंती आकाशी रंगाच्या, आपल्या सगळ्यांच्याच असतात तशा. तीच भिंत ठेवली, आत्याला पाच फूट पुढं आणली म्हणजे चादरीचा उजेड भिंतीवर कमी पडेल, आणि खाली जमिनीवर एक लहान बल्ब भिंतीकडं तोंड करून ठेवला. चेहऱ्यापेक्षा भिंत जराशीच उजळ. तपकिरी कातडी आकाशी भिंतीवर सुटी होते, मागच्या दिव्याची कड लागतच नाही.

चष्म्यात चादर दिसायला लागली तेव्हा चादर वर उचलली आणि चष्म्याच्या काड्या कानावर तीळभर उचलून बसवल्या. हा जुन्या स्टुडिओवाल्यांचा मंत्र आहे, त्यांचं सगळंच फेकून द्यायचं कारण नाही. चष्मा काढून बसवलेली एक फ्रेमही घेतली. तिच्यात दोन्ही डोळ्यांत चादरीचा एकेक चौकोन आलाय. डोळं दिसू देत, म्हणाली होती.

एक्स्पोजरसाठी हातात धरायचा मीटर असेल तर तो हनुवटीपाशी, दिव्याकडं तोंड करून धरायचा. मग तो चेहऱ्यावर पडणारा उजेड मोजतो, चेहऱ्याच्या रंगाशी त्याला घेणंदेणं राहत नाही. मीटर नसेल तर तळहात. तळहात काळ्या-गोऱ्या सगळ्यांचा जवळपास सारखाच उजळ असतो. त्याच उजेडात तळहात मोजायचा आणि एक स्टॉप वाढवायचा. फोन असेल तर चेहऱ्यावर बोट ठेवून, उजेड खाली ओढत आणायचा, गालाचा पोत दिसायला लागेपर्यंत. ब्यूटी आधी बंद करायची, हे सांगायला नको. आता फोनवाल्या कंपन्यांनाही सावळ्या कातडीचा शोध लागलाय. गुगलनं २०२१ पासून 'रिअल टोन' म्हणून जाहिरात चालवलीय. आनंद आहे. पण २०१८ साली जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू ह्या दोघींनी चेहरा बघून बाई की पुरुष ओळखणाऱ्या यंत्रांची परीक्षा घेतली, तेव्हा गोऱ्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि काळ्या बायांत ३४.७ टक्क्यांपर्यंत निघाली होती. शर्ली मेलेली नाही, कॉम्प्युटरात राहायला गेलीय.

हे सगळं मी पहिल्यांदा करतोय अशातला भाग नाही. आपण १९७२ साली ओकलंडच्या काळ्या पोरांकडून पँथर हे नाव घेतलं, पण त्यांचे फोटोग्राफर घ्यायचे राहिले. हार्लेममध्ये रॉय डीकारावा होता. १९५२ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारा पहिला काळा छायाचित्रकार. जागेवर असेल त्या उजेडात काढायचा आणि प्रिंट इतकी गडद ठेवायचा की आधी काहीच दिसत नाही. थांबलं की काळ्यातून काळं वेगळं व्हायला लागतं. आणि पश्चिम आफ्रिकेत, बामाकोत, सेदू केता. १९४८ साली स्टुडिओ काढला. दिवे जवळपास नाहीतच, अंगणातला दिवसाउजेड. मागं पडदा म्हणून स्वतःच्या पलंगावरची चादर. प्लेटी महाग, म्हणून बहुधा एका माणसाची एकच. लोक सूट चढवून, घड्याळ लावून, रेडिओ मांडीवर घेऊन बसायचे. कुणाचं स्वतःचं, कुणाचं स्टुडिओतलं. त्या फोटोंत कुणी गोरं झालेलं नाही आणि कुणी 'वेदना' नाही. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये त्यातले काही लावले तेव्हा खाली काय लिहिलं होतं? छायाचित्रकार अज्ञात. माणूस बामाकोत जिवंत होता.

तर पुढच्या अंकात आत्याचा फोटो छापायचा ठरलंय, नावासकट. आता भांडण प्रेसशी आहे. आपल्या स्वस्त कागदावर शाई पसरते, बारीक ठिपके एकमेकांना चिकटतात आणि गडद भाग बुजून जातो. जे खोलीत घोंगडी लावून कमावलं ते मशीनवर जातं. प्रेसवाला म्हणतो, थोडी उजळ करून देतो ना, कुणाला कळतंय. मी त्याला सांगितलंय, चेहरा उजळ करायचा नाही, फक्त सगळ्यात खालचे काळे उघडायचे, जबड्याखालचे आणि केसांतले, आणि आधी याच कागदावर तीन प्रुफं काढायची. कागदाचे पैसे वेगळे मागतोय. वर्गणी थकलेल्यांनी भरावी.